अकरा वेळा

भाईंदर (पूर्व)
१५ फेब्रुवारी २०२६

प्रिय स्वप्नील,

पत्ता आपल्या गाळ्यातल्या नीरजनं दिला. फोन नंबरही देत होता, मी घेतला नाही. फोनवर तू 'बोल' म्हणाला असतास आणि मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून दिला असता. गेली सहा वर्षं मी सगळ्यांशी असंच बोलत आलेय. म्हणून कागदावर लिहितेय. माझं अक्षर अजून तसंच आहे, मुंगीच्या पायांचं. सावकाश वाच.

नीरज सांगत होता, तू चिपळूणच्या बाजूला एका आयटीआयमध्ये शिकवतोस. मुलांना पंख्याच्या, पंपाच्या मोटारी वाइंड करायला शिकवतोस आणि वायरलेसचं नावही काढत नाहीस. शेजारच्या कॉलेजनं प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं, तर 'मला त्यातलं कळत नाही' असं सांगून परत पाठवलंस म्हणे. नीरजनं हे हसत हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर दोन वर्षं जागा राहणारा रिसीव्हर स्वतःच्या हातानं बनवलेला माणूस म्हणतो, मला त्यातलं कळत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. पण त्या दिवशीही पत्र लिहायला बसले नाही. तो गेल्या वर्षीचा मे महिना होता.

मी आता इथल्याच खारी गावात राहते. जुन्या गावठाणाला अगदी चिकटून असलेली बिल्डिंग, तिसरा मजला. गोडदेवचा आपला गाळा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तिथं आता टिफिनचे डबे बनवतात. त्या गल्लीत भांडी पॉलिश करणाऱ्यांच्या मोटारी मात्र तशाच चालू आहेत. तुला आठवतं, पहिले चार महिने आपला रिसीव्हर काहीही कारण नसताना दचकून उठायचा आणि आपल्याला वाटायचं सर्किटच चुकलंय? मग एका शुक्रवारी, गल्लीला सुट्टी असताना तू एकटा गाळ्यात गेलास आणि मला फोन केलास. 'संपदा, आज हा पठ्ठ्या एकदासुद्धा उठला नाही. त्या पॉलिशच्या मोटारी हवेत खरखर सोडतात, तिलाच हा हाक समजतो.' एवढा आनंद झाला होता तुला, की स्टेशनपासून गाळ्यापर्यंत मला रिक्षानं आणलंस, आणि रिक्षावाल्यालाही ते समजावून सांगत होतास, हिंदीतून. तो बिचारा 'हां साब, हां साब' करत होता.

उत्तनच्या धक्क्यावर दाजींना तू समजावलंस तेही मला शब्दन् शब्द आठवतं. दाजी बोटीवाल्यांचे म्होरके, ते हो म्हणाले तरच बाकीचे डब्या लावून घेणार होते. तू म्हणालास, जाळं ओढताना लाइफ जॅकेट कुणी घालत नाही, ठीक आहे. मग हा बिल्ला दंडाला बांधा. माणूस पाण्यात पडला की बिल्ला दर पाच सेकंदांनी हाक मारेल. बोटीवरची डबी ती हाक ऐकेल आणि भोंगा वाजवेल. दाजींनी विचारलं, मग ही डबी चार्ज कधी करायची? तू म्हणालास, करायचीच नाही. खारं पाणी शिरू नये म्हणून ती राळेत बुडवून कायमची बंद केलीय. आतला मोठा सेट सतत जागा ठेवला तर चार दिवसांत बॅटरी संपेल, म्हणून त्याला झोपवलंय आणि त्याच्या दाराशी एक छोटा बसवलाय. हा छोटा खात नाही, बोलत नाही, नुसता ऐकतो. त्याला एकच हाक ओळखता येते. ती आली की तो मोठ्याला उठवतो. दाजींनी विडी विझवली आणि म्हणाले, 'खात न्हाय, बोलत न्हाय, नुसता ऐकतो. असा एक माझ्या घरात बी हाय. माझा जावई.' सगळा धक्का हसला, आणि चौदा बोटींवर आपल्या डब्या लागल्या.

आत्मारामदादांनी सगळ्यांत पहिला बिल्ला बांधला. सात नंबरचा. दाजींच्याच बोटीवर होते ते. रोज सकाळी निघायच्या आधी बादलीत दंड बुडवून बघायचे, भोंगा वाजला की आख्ख्या धक्क्याकडं बघून हसायचे. तुला मास्तर म्हणायचे, मला ताई. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, 'ताई, ही डबी मला ओलखते काय?' मी म्हणाले, ओळखते दादा, प्रत्येक बिल्ल्याची हाक वेगळी आहे, सात नंबर म्हणजे तुम्ही हे तिला कळतं. केवढे खूश झाले होते. घरी जाऊन सुलूवहिनींना सांगितलं, ममताला सांगितलं. ममता तेव्हा नववीत होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या गणवेशात धक्क्यावर आली आणि वडिलांचा दंड स्वतः बादलीत बुडवून तिनं खात्री करून घेतली.

आता ऑगस्टकडं येते. २०१९चा ऑगस्ट. डब्या उगाचच वाजायला लागल्या होत्या. नारळी पौर्णिमेला बोटी सजवल्या, दिव्यांच्या माळा लावल्या, त्यांच्या खरखरीनं तर एका संध्याकाळी नऊ बोटींचे भोंगे वाजले. समुद्रात असताना वाजला की सगळी माणसं काम टाकून एकमेकांना मोजायची. दाजी चिडले. 'आता एकदा उगीच वाजली की पान्यात टाकीन,' म्हणाले. वर दर वेळी मोठा सेट उठत असल्यानं बॅटरी उतरत होती. तीस तारखेला पैसे देणाऱ्या संस्थेची मंडळी बघायला येणार होती आणि दोन वर्षं टिकेल असं आपण लिहून दिलेली बॅटरी सहा महिनेही टिकेलसं दिसत नव्हतं. त्यातच तुझ्या आईला रत्नागिरीला हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि तू गेलास. नऊ दिवस नव्हतास. परत आलास तेव्हा सगळ्या डब्या शांत होत्या. तू विचारलंस, 'कसं काय थांबवलंस गं?' मी म्हणाले, 'कोडमध्ये थोडं नीटनेटकं केलं.' तू मावशीनं बांधून दिलेली फणसपोळी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, 'माझ्यापेक्षा तूच हुशार.' तीस तारखेचं सगळं छान पार पडलं. त्या संध्याकाळी नवघर रोडवरची वन-आरके बघायला गेलो होतो आपण. तू स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची मोजलीस, माझ्यासाठी. लग्नाचं आपण दोघांनीही तोंडानं काही म्हटलं नव्हतं, आणि ते तसं बरंही वाटत होतं.

एकोणीस सप्टेंबरला सकाळी दहाच्या सुमाराला नीरजचा फोन आला. आत्मारामदादा सापडत नाहीत. दाजी सुकाणूवर होते, दुसरा माणूस पुढच्या बाजूला, दादा एकटे मागं जाळं सोडत होते. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. सात-आठ मिनिटांनी मागं वळून बघितलं तर जाळ्याचा दोर नुसताच सुटत चाललेला. भोंगा वाजला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते गोराईच्या बाजूला सापडले. कपाळावर मार होता, पडताना फळीवर आपटले असावेत. बिल्ला दंडालाच होता.

पुढचं सगळं तुझ्यासमोरच घडलं, तरी मला ते लिहायचंय, कारण त्यातलं माझं तुला माहीत नाही. संस्थेच्या चौकशी समितीनं डबी उघडली. अँटेनाच्या जोडाशी पांढरं मीठ आणि ओल होती. जोड तुझा, राळ तू निवडलेली. खोलीत सात माणसं होती. तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, 'जोडाचं काम माझं होतं. पाणी शिरलं, डबीला ऐकू आलं नाही. जबाबदारी माझी.' मी चहाच्या कपाकडं बघत होते. चहावर साय धरली होती. त्याच दुपारी तू उत्तनला जायला निघालास. मी म्हणाले, मीही येते. सुलूवहिनी अंगणात बसल्या होत्या, भोवती सगळी आळी. तू वाकून त्यांच्या पायांना हात लावलास आणि म्हणालास, 'माझ्या हातून झालं, वहिनी.' त्या उठल्या. त्या तुला जे बोलल्या ते मी इथं परत लिहीत नाही. शेवटचं तेवढं लिहिते, कारण ते तू विसरला असशील असं मला वाटत नाही. 'तुझ्या बी घरात असंच रिकामं ताट पडंल, वरसाच्या आत.' तू मान खाली घालून ऐकलंस. मी तुझ्यामागं दोन पावलांवर उभी होते.

डिसेंबरात तुझी आई गेली.

तू राजीनामा दिलास, सामान बांधलंस. मी स्टँडवर सोडायला आले होते. तू म्हणालास, 'तू यात पडू नकोस. तुझं नाव स्वच्छ आहे, तू काम पुढं ने.' मी मान हलवली. बस सुटेपर्यंत मला बोलायला वीसएक मिनिटं होती. आपण पाण्याची बाटली घ्यायची की नाही याबद्दल बोललो.

मी काम पुढं नेलं, स्वप्नील. मीरा रोडला एका कंपनीत लागले. पाण्याच्या मीटरमध्ये बसवायचे रिसीव्हर करतो आम्ही. मीटर वर्षानुवर्षं झोपलेला असतो, रस्त्यावरून माणूस यंत्र घेऊन गेला की जागा होऊन आकडा सांगतो. हजारोंनी बसलेत. त्यात हाक चुकली तर फार तर बिल उशिरा जातं. मला बक्षीस मिळालं, भाषणं झाली. दर भाषणात कुणीतरी म्हणायचं, यांच्या रिसीव्हरला फसवं जागं होणं माहीतच नाही. मी हसायचे. लग्न केलं नाही. आई-बाबा विचारून विचारून थकले. तू कारण असशील असं त्यांना वाटतं, आणि ते खरंही आहे, पण त्यांना वाटतं तसं नाही.

गेल्या महिन्यात, अठरा जानेवारीच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक मुलगी उभी होती. उंच, सावळी, पाठीवर सॅक. 'ओळखलंत का मॅडम? मी ममता. उत्तनची.' मी तिला आत घेतलं. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुणी शिकवलं, कसं शिकवलं, तर सुलूवहिनींनी, सुकी मासळी विकून. ममता म्हणाली, 'मॅडम, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मला तुमचीच डबी परत बनवायचीय. या वेळी पाणी शिरणार नाही अशी.' आणि तिनं सॅकमधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. समितीनं दादांच्या वस्तूंबरोबर डबी घरी परत दिली होती. सुलूवहिनींनी ती फेकली नाही, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती. ममतानं आणि तिच्या मैत्रिणीनं गरम हवेनं राळ मऊ करून, खरवडून आतली मेमरी वाचली होती. तिच्याकडं एक कागद होता. त्यावर सगळे आकडे उतरवलेले. एका ओळीखाली लाल पेनानं रेघ.

'हे काय आहे ते आमच्या सरांनाही कळलं नाही,' ती म्हणाली. 'सात नंबरच्या पुढं बघा. दोनच्या घरात चार, तीनच्या घरात सात. मिळून अकरा. बाकी कुठल्याच बिल्ल्यापुढं असं नाही. पप्पांचाच नंबर आहे म्हणून विचारतेय.'

स्वप्नील, ते आकडे तुला माहीत नव्हते. ते माझ्या कोडमध्ये होते. चाचणीसाठी मी एक मोजणी ठेवली होती. एकतीस बिटांच्या हाकेत किती बिटं चुकीची ऐकू आली आणि असं किती वेळा झालं याची. तू मला नेहमी सांगायचास, तीन चुकांपर्यंत हाक खरी मानायची, तीनच्या खाली जायचं नाही. पाण्यात माणूस पालथा पडला की बिल्ला अंगाखाली जातो, हाक फाटून येते, दोन-तीन बिटं जाणारच. त्यावरून आपलं भांडणसुद्धा झालं होतं. त्या नऊ दिवसांत, तू हॉस्पिटलमध्ये आईच्या उशाशी असताना, मी एका दुपारी धक्क्यावर उभं राहून, डब्या न उघडता, वायरलेसवरूनच चौदाही डब्यांमधला तो आकडा बदलला. तीनाचा एक केला. नीरज बिल्ला घेऊन धक्क्यावरून साठ पावलं चालत गेला, भोंगा वाजला, आणि मी ती चाचणी म्हणून लिहून टाकली. समुद्रात नेऊन बघितलं नाही, कारण तुला विचारावं लागलं असतं आणि तू पंधरा दिवस मागितले असतेस. कोडमध्ये नीटनेटकं केलं, ते हे.

डबी गाळ्यात आली त्या दिवशीच, समितीच्या आधी, मी ती मोजणी तशीच, वायरलेसवरून, एकटीनं वाचली होती. अकरा. जोडात पाणी गेलं ते नंतर, दादा सापडेपर्यंतच्या दोन दिवसांच्या पावसात आणि खाऱ्या लाटांच्या माऱ्यात, बोट धक्क्याला लागून उघडी पडलेली असताना. तुझा जोड चांगला होता. डबीला ऐकू येत होतं. बोट ऐकू येण्यापलीकडं निघून जाईपर्यंत दादांनी अकरा वेळा हाक मारली, अकराही वेळा ती डबीपर्यंत पोचली, आणि दोन-तीन बिटं चुकलीत म्हणून माझ्या नियमानं ती परत पाठवली. ते वाचले असते का, मला माहीत नाही. कपाळाला लागलं होतं. पण भोंगा वाजला असता आणि दाजींनी वळून बघितलं असतं, एवढं मला माहीत आहे.

ममताला मी हे सगळं सांगितलं. सहा वर्षं जे तोंडातून बाहेर पडलं नव्हतं ते त्या पोरीच्या समोर दहा मिनिटांत सांगून झालं. ती रडली नाही. तिनं पेन काढलं, कागदाच्या कोपऱ्यात अकरा गुणिले पाच लिहिलं आणि पंचावन्न लिहून थांबली. 'जवळजवळ एक मिनिट,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'म्हणजे ती बिघडली नव्हती.' मी म्हणाले, नव्हती. तिनं विचारलं, 'मग ते सर? जे आमच्या घरी आले होते ते?' मी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. तिनं कागद घडी करून डबीबरोबर पिशवीत ठेवला. चहा तसाच राहिला. दारात चपला घालताना म्हणाली, 'आईला मी सांगणार नाही. तुम्हीच या. रविवारी ती घरी असते.'

पुढच्याच रविवारी मी उत्तनला गेले. सुलूवहिनी खूप वाळल्यात. बांबूच्या दोऱ्यांवर बोंबील टाकत होत्या, हात थांबवला नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बिटं-बिटं काही नाही, एवढंच, की डबीनं ऐकलं होतं आणि मी तिला ऐकू नको म्हणून शिकवलं होतं. त्यांनी हातातला बोंबील दोरीवर अडकवला, मग दुसरा अडकवला. मला वाटलं त्यांना कळलंच नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, 'तवा तू त्याच्या मागं उभी होतीस.' मी हो म्हणाले. 'मी त्याला काय काय बोलले, तू सगलं ऐकलंस.' मी हो म्हणाले. 'आनि उभीच राह्यलीस.' त्याला मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही. मग त्यांनी विचारलं, 'कसा हाय तो? आई कशी हाय त्याची? तवा आजारी होती म्हनं.' मी सांगितलं, त्याच डिसेंबरात गेल्या.

सुलूवहिनी मटकन खाली बसल्या. वाळूत, बोंबलांच्या टोपलीशेजारी. मी धरायला गेले तर माझा हात झिडकारला. दोन्ही हात तोंडावर ठेवून बसून राहिल्या. नवऱ्याच्या मरणाची खरी गोष्ट ऐकताना ज्या उभ्या होत्या, त्या बाई तुझ्या आईचं ऐकून बसल्या, स्वप्नील. ममता धावत आली. तिनं आईला घरात नेलं. मी अंगणातच थांबले. शेजारच्या बायका बघत होत्या, कुणी बस म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी संस्थेला लेखी कळवलंय. त्या वेळची समिती आता नाही, तरी कागद गेलाय, त्यावर माझी सही आहे आणि तुझ्या जोडाबद्दल जे लिहिलं गेलं ते चुकीचं आहे असं स्पष्ट लिहिलंय. एक प्रत सोबत जोडतेय. कंपनीतही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यातलं माझं भाषण दुसऱ्याला दिलं, कामाचं काय ते नंतर ठरवू म्हणाले. नीरजनं दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच केला, म्हणाला, 'तेव्हा त्या बिल्ल्याला घेऊन मी चाललो होतो गं.' त्याला वाटलं त्याचाही दोष आहे. बघ, एक गोष्ट मी लपवली आणि ती किती जणांनी आपापली म्हणून उचलली.

ममतानं चार दिवसांनी मेसेज केला. नमस्कार नाही, काही नाही. 'मॅडम, बिल्ला पाच सेकंदांनी परत हाक मारतोच ना? मग तीन चुका चालू द्यायच्या, पण पाच सेकंदांच्या अंतरानं दोन हाका लागोपाठ आल्या तरच वाजवायचं. उगीचची खरखर दोनदा बरोबर वेळेवर कशी येईल?' मी ते वाचलं आणि गणित करून बघितलं. बरोबर आहे. तसं केलं असतं तर उगाच वाजणं जवळजवळ बंद झालं असतं, बॅटरी टिकली असती, आणि दादांची दुसरीच हाक लागली असती. दहाव्या सेकंदाला. दोन दिवसांचं काम होतं. तू असतास तर आपण दोघांनी बसून हे काढलं असतं. मी एकटीनं शोधलंच नाही, कारण मला उपाय नको होता, मला शांतता हवी होती. ममताला मी फक्त 'बरोबर आहे' एवढं उत्तर पाठवलं. तिनं तुझा नंबर मागितला. माझ्याकडं नाही म्हणून सांगितलं, ते खरं होतं.

मी तुझ्याकडं माफी मागत नाहीये. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग ते माझ्या सोयीचं होईल. उत्तर लिहू नकोस, नाही लिहिलंस तर मी वाईट वाटून घेणार नाही. हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. खरं सांगायचं तर माझ्या एकटीच्या हिमतीवर ते अजूनही लिहून झालं नसतं. ते मला लिहायला लावलंय. त्या दिवशी अंगणात उभी असताना अर्ध्या-पाऊण तासानं सुलूवहिनी बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, 'त्याला सांगितलंस?' मी म्हणाले, नाही. 'मग आधी त्याला सांग. तोवर माझ्या दारात येऊ नको.' मी वळले तेव्हा त्यांनी हाक मारली आणि एक निरोप दिला. तो त्यांच्याच शब्दांत लिहितेय, माझा एकही शब्द न घालता. 'त्याला म्हनावं, तुझी आई माझ्या बोलन्यानं गेली न्हाय. मी तवा शुद्धीत नव्हते. जे बोलले ते मी परत घेतलं, समुद्राच्या समोर उभं राहून घेतलं. त्याला म्हनावं, तुझ्या जोडात पानी न्हवतं. आता मानूस म्हनून जग, आनि एकदा माझ्या घरी येऊन जेवून जा.'

तुझी होता होता राहिलेली,
संपदा